वाशीचा भाजीपाला बाजार आणि २०१६ची नियमनमुक्ती: एका निर्णयाचा हिशेब

५ जुलै २०१६ रोजी राज्य शासनाने अध्यादेश काढला आणि फळे, भाजीपाला, कांदा, बटाटा हा माल नियमनमुक्त झाला. लोकांपर्यंत त्यातल्या दोन गोष्टी पोचल्या. शेतकऱ्याला आपला माल बाजार समितीबाहेर कुठेही विकता येईल, आणि अडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या अडत्याचे कमिशन, शेतकऱ्याच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीतून) न कापता खरेदीदाराकडून घेतली जाईल. दोन्ही बरोबर. तिसरी गोष्ट फारशी कोणी बोलले नाही, आणि पुढची बहुतेक गुंतागुंत तिच्यातूनच निघाली: समितीचा अधिकार मालावर न राहता जागेपुरता उरला. टोमॅटो तोच, शेतकरी तोच, खरेदीदारही तोच. सौदा आवाराच्या गेटच्या आत झाला तर परवाना, बाजार फी, नोंद, तक्रारीची सोय हे सगळे लागू. तोच सौदा गेटपासून शंभर पावलांवर टेम्पोच्या फाळक्याशी झाला तर यातले काहीच लागू नाही.

या तिसऱ्या गोष्टीने वाशीच्या भाजीपाला बाजाराचे काय केले, ते पाहू. पत्ता तुर्भ्याचा असला तरी शेतकरी, ड्रायव्हर आणि दादरचा भाजीवाला सगळे त्याला वाशी मार्केटच म्हणतात.

बाजार इथे कसा आला

मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ची. तिच्यामागचा पणन (शेतमाल विक्रीचा) कायदा १९६३चा, नियम १९६७चे. त्या काळी मुंबईचा घाऊक व्यापार मशीद बंदर, क्रॉफर्ड मार्केट आणि भायखळ्याच्या अरुंद गल्ल्यांत चालायचा. ट्रक उभा करायला जागा नाही, वजन कोणाच्या काट्यावर झाले ते शेतकऱ्याला कळायचे नाही, आणि दक्षिण मुंबईचे रस्ते पहाटेपासून तुंबलेले. सिडकोने सायन-पनवेल महामार्गालगत जागा दिली आणि बाजार टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे आले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कांदा-बटाटा, १९९०च्या सुमारास मसाला आणि दाणा, १९९६मध्ये फळे आणि भाजीपाला. असे पाच बाजार. प्रत्येकाचे गेट वेगळे, रिवाज वेगळे, गर्दीची वेळ वेगळी.

भाजीपाल्याचा दिवस रात्री सुरू होतो. नाशिक, जुन्नर, नारायणगाव, पुणे, सातारा, सांगलीकडच्या गाड्या मध्यरात्रीच्या आसपास लागायला सुरुवात होते. कसारा, माळशेज किंवा खंडाळा असा एखादा घाट बहुतेकांच्या वाटेत असतोच, आणि घाटात गाडी अडकली की माल उशिरा लागतो व पडेल भावाने जातो. वाटाणा, बटाटा, आले, गाजर असा माल इतर राज्यांतून येतो. पहाटे तीन-साडेतीनपासून खरेदीदार फिरू लागतात आणि सूर्य वर येईपर्यंत चांगला माल उठलेला असतो. उरला तो दुपारपर्यंत पडेल त्या भावाने.

या बाजारात अडत्या तीन कामे करतो आणि त्यातली दोन बाहेरून दिसत नाहीत. माल विकून देणे हे दिसणारे काम. दुसरे म्हणजे उधारी: दादर किंवा घाटकोपरचा भाजीवाला आज माल उचलतो आणि पैसे आठ-दहा दिवसांनी, कधी पुढच्या फेरीला देतो. शेतकऱ्याची पट्टी मात्र लवकर चुकती करायची असते, म्हणून मधले दिवस अडत्याचे भांडवल अडकते. तिसरे काम उचल देण्याचे. लागवडीच्या वेळी बियाणे-औषधांसाठी घेतलेली रक्कम पुढे पट्टीतून वळती होते. अडतीच्या टक्क्यात विक्रीची मजुरी, उधारीची जोखीम आणि उचलीचे व्याज असे तिन्ही मिसळलेले असतात. २०१६च्या चर्चेत ते वेगळे करून कोणी मांडले नाहीत, ही त्या निर्णयातली पहिली उणीव.

पट्टीचा हिशेब

अडत खरेदीदाराने द्यायची, याचा शेतकऱ्याला नेमका किती फायदा? खालचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. दर रोज बदलतात, पण हिशेबाची रीत बदलत नाही.

नारायणगावहून टोमॅटोचे १०० क्रेट आले. क्रेटमध्ये २० किलो, म्हणजे २,००० किलो. भाव लागला किलोला २० रुपये, विक्री ४०,००० रुपये. जुन्या पद्धतीत पट्टीतून ८ टक्के अडत कापली तर ३,२०० गेले. मोटारभाडे किलोला अडीच रुपये, म्हणजे ५,०००. हमाली-वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) क्रेटला ५ रुपये, म्हणजे ५००. शेतकऱ्याच्या हाती ३१,३०० रुपये.

आता अडत खरेदीदाराकडे गेली. खरेदीदार काही भोळा नाही. आपल्याला हा माल गेटबाहेर नेईपर्यंत एकूण केवढ्याला पडतो ते तो पाहतो. काल तो ४०,००० द्यायला तयार होता. आज त्या ४०,००० मध्येच अडत बसली पाहिजे. म्हणून तो भाव सांगतो ४०,००० भागिले १.०८, म्हणजे ३७,०३७ रुपये. किलोला साधारण साडेअठरा. यातून भाडे आणि हमाली वजा केली की शेतकऱ्याच्या हाती ३१,५३७ रुपये. आधीपेक्षा २३७ रुपये जास्त, तेही अडत आता कमी रकमेवर मोजली गेली म्हणून.

पण आवक कमी असेल, पावसाने गाड्या अडल्या असतील, सणाचे दिवस असतील, तर खरेदीदाराला भाव पाडता येत नाही. तेव्हा किलोला २० रुपये टिकतात, अडत तो वरून देतो आणि शेतकऱ्याला ३४,५०० मिळतात. म्हणजे सुधारणेचा लाभ पूर्ण ३,२०० ते जेमतेम २३७ यांच्यामध्ये कुठेतरी बसतो. कुठे बसेल ते त्या दिवशी माल विकायची घाई कोणाला आहे यावर ठरते. नाशवंत मालात ती घाई बहुतेक वेळा विकणाऱ्यालाच असते.

तरीही हा बदल योग्यच होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. पट्टीवर अडतीचा रकाना दिसत नाही तेव्हा तिच्या नावाखाली जादा कपात करणेही अवघड होते. पूर्वी ठरलेल्या दरावर अर्धा-एक टक्का चढवणे, ‘घट’ म्हणून क्रेटमागे किलोभर सोडणे, वाराई दोनदा लावणे असे प्रकार पट्टीतच मुरत. रकाने जितके कमी तितकी लबाडीची जागा कमी. शेतकऱ्याने पट्टी हाती आल्यावर चार गोष्टी ताडून पाहाव्यात: नग आणि वजन दोन्ही लिहिले आहेत का, भाव प्रतवारीप्रमाणे वेगळा दाखवला आहे का, हमालीचा दर मंजूर दराइतका आहे का, आणि अडत्याचा परवाना क्रमांक छापलेला आहे का. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. परवान्याशिवायच्या माणसाची कच्ची चिठ्ठी हातात असेल तर समितीकडे तक्रार नेऊन उपयोग होत नाही.

आणखी एक बाब धोरण आखणाऱ्यांच्या नजरेतून सुटली. वाशीला येणारा सगळा माल शेतकऱ्याच्या नावाने येत नाही. परराज्यातला बटाटा किंवा वाटाणा पाठवणारा बहुधा तिथला व्यापारी असतो. आपल्याकडेही गावात चार-पाच शेतकऱ्यांचा माल गोळा करून गाडी भरणारा असतो. अशा मालात ‘शेतकऱ्याची’ अडत वाचली असे आपण म्हणतो तेव्हा ती गाडी भरणाऱ्याची वाचलेली असते. त्यातले किती त्याने बांधावर पोचवले, ते कोणत्याच पट्टीवर येत नाही.

जुलै २०१६मध्ये राज्यभरच्या व्यापाऱ्यांनी बंद पाळला. त्यांच्या तक्रारीत स्वार्थ होता, पण एक व्यावहारिक मुद्दाही होता: शेतकऱ्याची पट्टी एक असते आणि अडत तिथल्या तिथे कापता येते; खरेदीदार मात्र एका गाडीमागे वीस-पंचवीस, तेही उधारीवर. इतक्या जणांकडून अडत वसूल करायची तर बिल पक्के हवे, खाते रोजच्या रोज हवे. शासनाने यासाठी मुदत दिली असती, बिलाचा एकच नमुना ठरवून दिला असता, तर संघर्ष बराच कमी झाला असता. त्या वेळी वाशीच्या समितीवर प्रशासक होता. निवडून आलेले संचालक मंडळ थेट २०२०च्या फेब्रुवारीअखेर झालेल्या निवडणुकीनंतर आले. म्हणजे बाजारातल्या सर्वांत मोठ्या बदलाच्या वेळी शेतकरी, व्यापारी, हमाल यांच्या प्रतिनिधींनी एका टेबलाशी बसायची कायदेशीर जागाच रिकामी होती.

गेटबाहेरचा माल

२०१६नंतर नाशिक-पुण्याकडची गाडी वाशीला न थांबता सरळ भायखळा, दादर, कुर्ला, बोरिवलीपर्यंत कायदेशीरपणे जाऊ लागली. बाजार फी शंभर रुपयांमागे एक रुपयाच्या आत असते आणि ती खरेदीदाराने द्यायची असते. चाळीस हजारांच्या मालावर पूर्ण एक रुपया धरला तरी ४०० रुपये. एवढ्यासाठी कोणी बाजार सोडत नाही. बाजार सोडतो तो फी, अडत, दोनदा चढ-उतार आणि वाशीच्या रस्त्यात जाणारे दोन-तीन तास या सगळ्यांच्या बेरजेमुळे. मालवाहतुकीत वेळ हाच मोठा खर्च असतो. पालेभाजीची जुडी पाचला दादरला लागली तर ताजी, आठला लागली तर कोमेजलेली.

बाहेर गेलेला माल तीन वाटांनी जातो, आणि तिन्हींचे अर्थकारण वेगळे आहे.

पहिली वाट मोठ्या किरकोळ साखळ्यांची. त्या उत्पादक पट्ट्यातच संकलन केंद्र उघडतात आणि बांधावरून प्रतवारी करून माल घेतात. भाव बरा मिळतो, पैसे खात्यात येतात. पण घेतात ते फक्त एकसारखे, डाग नसलेले. शंभर क्रेटमधले साठ-सत्तर उचलले गेले की उरलेला वाकडा-तिकडा, जास्त पिकलेला माल वाशीच्या गाडीत चढतो. परिणामी वाशीत येणाऱ्या मालाची सरासरी प्रत उतरते, तसा वाशीचा सर्वसाधारण भाव उतरतो, आणि संकलन केंद्राचा उद्याचा भाव ठरवताना आधार म्हणून घेतला जातो तो हाच वाशीचा भाव. बाजारात न येणारा माल बाजाराचा भाव असा आतून पोखरतो. यावर धोरणात एक अक्षर नाही.

दुसरी वाट रस्त्यावरच्या पहाटेच्या बाजारांची. इथे जुनेच व्यापारी, जुनीच पद्धत; फक्त परवाना, नोंद आणि काट्याची तपासणी नाही. यातून शेतकऱ्याला स्वातंत्र्य मिळाले असे म्हणणे धाडसाचे होईल. अडत शेतकऱ्याकडून घेऊ नये हा नियम आवारात तरी पाळला जातो की नाही ते पाहता येते. इथे पाहणारा कोणीच नाही, आणि अनेक ठिकाणी कपात पुन्हा विकणाऱ्याच्याच माथी येते.

तिसरी वाट शेतकरी आठवडे बाजारांची. कृषी पणन मंडळाने २०१६मध्येच संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने हे अभियान सुरू केले. ठाणे-नवी मुंबईतल्या मैदानांवर आणि सोसायट्यांजवळ शेतकरी गट आठवड्यातून ठरलेल्या दिवशी थेट विकतात. ग्राहक खूश असतो. गटाचा हिशेब मात्र काटेकोर मांडावा लागतो. समजा १,००० किलो मिश्र भाजी आणली. पहिल्या दोन-तीन तासांत ६०० किलो सरासरी ३२ रुपयांनी गेली, १९,२०० आले. पुढची २५० किलो २२ रुपयांनी, ५,५००. शेवटची १०० किलो १० रुपयांनी, १,०००. पन्नास किलो वाया. एकूण २५,७००. टेम्पो ५,५००, चार माणसांची मजुरी २,४००, पिशव्या-काटा-जेवण ८००, जागा आणि सफाई ५००; खर्च ९,२००. उरले १६,५००, म्हणजे किलोला साडेसोळा. वरच्या उदाहरणात वाशीला किलोमागे पावणेसोळाच्या जवळपास पडले होते. दिवसभराच्या चार माणसांच्या धावपळीचा जादा मोबदला किलोला पाऊण रुपया. माल वेगळा असल्याने ही तुलना ढोबळ आहे, पण पाऊस आला किंवा शेजारच्या चौकात दुसरा बाजार लागला तर हा पाऊण रुपया पहिल्यांदा जातो, एवढे तिच्यातून नक्की कळते.

हे बाजार मोडतात कशाने? मागणी नसते म्हणून क्वचितच. बहुधा जागा दर तीन-चार महिन्यांनी बदलते, नाहीतर शेतकऱ्याच्या आडून वाशीतूनच माल आणून विकणारे शिरतात आणि खरा गट त्यांच्या भावाला टिकत नाही. उपाय साधा आहे: महापालिकेने जागा किमान वर्षभरासाठी द्यावी, पाणी आणि स्वच्छतागृह द्यावे, आणि गटाच्या सभासदांचे सातबारे व त्या हंगामाची पीकनोंद प्रवेशाच्या वेळी तपासावी. डिसेंबरात आंबे विकणारा ‘शेतकरी’ पीकनोंदीपुढे उभा राहू शकत नाही.

हमालीचा प्रश्न

या प्रकरणात सर्वांत कमी बोलला गेलेला आणि आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर भाग हमालांचा आहे.

अण्णासाहेब पाटील यांनी उभ्या केलेल्या लढ्यातून १९६९चा माथाडी कायदा आला. डोक्यावर ओझे वाहणाऱ्याला मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. म्हणून कायद्याने मालकाच्या जागी मंडळ बसवले. कामगारांची टोळी मंडळाकडे नोंदलेली, व्यापारीही नोंदलेला. मजुरी व्यापाऱ्याने मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधोपचार. पाटण, जावळी, वाई, कोरेगाव अशा सातारा जिल्ह्यातल्या तालुक्यांतून आणि जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागातून आलेल्या हजारो कुटुंबांचा नवी मुंबईतला संसार या रचनेवर उभा राहिला. कोपरखैरणे आणि घणसोलीतल्या माथाडी वसाहती ही त्याची वस्तीच्या रूपातली खूण. गावाकडे घर दुरुस्त झाले, मुलींची लग्ने झाली, मुले कॉलेजात गेली, ती निवृत्तीच्या वेळी एकरकमी मिळालेल्या फंडावर.

नियमनमुक्ती पणन कायद्यातली आहे; माथाडी कायद्याला तिने हात लावलेला नाही. कागदावर माथाडी कायदा आवाराच्या गेटपाशी थांबत नाही. पण वसुलीची सोय गेटपाशीच होती. ट्रक आवारात शिरला की कोणत्या गाळ्यावर, कोणती टोळी, किती नग, हे तिथेच नोंदले जायचे. दादरच्या रस्त्यावर पहाटे चारला टेम्पो रिकामा करणारी माणसे ना टोळीत, ना मंडळाच्या वहीत. ती नाक्यावरून आलेली असतात, नाहीतर ड्रायव्हर-क्लीनरच माल उतरवतात.

यात वाचते किती ते पाहा. मघाच्याच उदाहरणात हमाली ५०० रुपये होती. लेव्ही मंडळागणिक वेगळी असते; ३५ टक्के धरली तर १७५ रुपये. चाळीस हजारांच्या मालावर १७५, अर्धा टक्काही नाही. ग्राहकाच्या भाजीच्या भावात हा आकडा दिसतसुद्धा नाही. आता कामगाराकडून पाहा. रोज ६०० रुपये मजुरी कमावणाऱ्यामागे लेव्ही २१० रुपये होते. महिन्याला २५ दिवस धरले तर ५,२५०. हातावर मिळणारी रोकड बाहेरही तेवढीच असेल, कदाचित वीस-पन्नास रुपये जास्तच. पण पंचावन्नाव्या वर्षी मणका गेल्यावर त्या माणसाकडे काय उरते, हा फरक या ५,२५०चा आहे. एका बाजूला नगण्य बचत, दुसऱ्या बाजूला माणसाचे म्हातारपण. असा सौदा सुधारणा म्हणून स्वीकारू नये.

टोळीपद्धतीत दोष नाहीत असे नाही. नोंदणी बंद ठेवून जागा अडवणे, प्रत्यक्ष काम दुसऱ्याकडून करून घेऊन मजुरी आपल्या नावावर दाखवणे, काम न करता वाराई मागणे, या तक्रारी खऱ्या आहेत आणि व्यापारी बाहेर पडण्यामागे त्यांचाही वाटा आहे. पन्नास किलोंपेक्षा जड गोणी उचलायला लावू नये असा नियम असताना जड गोण्या येतच राहतात, आणि ओझे हलके करायची जबाबदारी पाठवणाऱ्याची की अडत्याची यावर भांडण होते. या दोषांवर उपाय मंडळाच्या वहीत आहे. हजेरी कार्डावर आणि मजुरी थेट कामगाराच्या खात्यात गेली की बदली माणूस दाखवणे आपोआप अवघड होते. माथाडीच्या पुढच्या पिढीला ओझे वाहायचे नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून आता उत्तर भारतातून येणारी तरुण माणसे हे काम करतात, बहुतेक नोंदणीशिवाय. नोंदणीचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही तर दहा-पंधरा वर्षांत मंडळ असेल, पण त्याच्या वहीत काम करणारा माणूस नसेल.

न मोजलेली आवक

पणन मंडळ रोज बाजारवार आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर जाहीर करते. ही माहिती आवारातल्या नोंदींवरून येते. मुंबई महानगराला रोज भाजी किती लागते आणि किती येते, याचा २०१६पूर्वीचा अंदाजही अपुराच होता. आता तर मोठा हिस्सा कुठेच नोंदला जात नाही. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, तिला ई-वे बिल लागत नाही. म्हणजे पणन कायद्याचा कागद गेला आणि कराचा कागद मुळातच नव्हता. वाशीत आवक घटली की बातमी येते ‘भाजी महागणार’. पण ती घट पिकात झाली की माल फक्त वाशी टाळून गेला, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. शासन याच आकड्यांवरून कांद्याचे आणि टोमॅटोचे निर्णय घेते.

केंद्राच्या २०२०च्या तीन कृषी कायद्यांपैकी व्यापाराच्या कायद्याने आवाराच्या आत-बाहेरची हीच विभागणी धान्य-मसाल्यालाही लावली. ५ जूनच्या अध्यादेशात आवाराबाहेरची सगळी जागा ‘व्यापार क्षेत्र’ ठरली आणि तिथे राज्याला फी घेण्यास मनाई झाली. वाशीच्या दाणा आणि मसाला बाजारालाही तीच चिंता लागली. १२ जानेवारी २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, १९ नोव्हेंबर २०२१ला पंतप्रधानांनी माघारीची घोषणा केली आणि संसदेने कायदे रद्द केले. राज्याची २०१६ची दुरुस्ती मात्र वेगळी, ती कायम राहिली. त्यामुळे एकाच समितीच्या पाच बाजारांपैकी फळे, भाजीपाला, कांदा-बटाटा यांना एक न्याय आणि दाण्याला दुसरा. रद्द झालेल्या केंद्रीय कायद्यात निदान एक तरतूद होती: जास्तीत जास्त तीन कामकाजाच्या दिवसांत पैसे, आणि वाद झाल्यास प्रांताधिकाऱ्याकडे दाद. राज्याने भाजीपाला मोकळा करताना अशी कोणतीच खिडकी ठेवली नाही. गेटबाहेर पैसे बुडाले तर शेतकऱ्यापुढे पोलीस ठाणे किंवा दिवाणी दावा, एवढेच.

आता काय करायला हवे

जुने सक्तीचे नियमन परत आणा असे आम्ही म्हणत नाही. आवाराबाहेर विकण्याचा हक्क शेतकऱ्याकडून काढून घेण्याचे कोणतेही कारण नाही. पण परवाना, पैशाची हमी आणि हमालाचे हक्क जागेला न बांधता सौद्याला बांधले पाहिजेत. ठरावीक मर्यादेवर, समजा दिवसाला दोन टनांहून अधिक, भाजी खरेदी करणाऱ्या प्रत्येकाला राज्यभर चालणारी एकच नोंदणी असावी. ती ऑनलाइन, एका पानाची, आणि सोबत अनामत किंवा बँक हमी. त्याने आठवड्याला तीनच आकडे कळवावेत: कोणता माल, किती वजन, सरासरी काय भाव. पैसे बुडाल्यास अनामतीतून आधी शेतकऱ्याचे देणे भागवावे. माथाडी मंडळाने पहाटेच्या रस्ता-बाजारांत निरीक्षक पाठवून तिथल्या कामगारांच्या टोळ्या नोंदवाव्यात आणि लेव्ही नगावर न घेता गाडीच्या आकारावर ठरावीक रकमेने घ्यावी. अशी रक्कम चुकवणे आणि वाढवून मागणे दोन्ही अवघड.

समितीने उत्पन्नाची रीत बदलायला हवी. मालाच्या किमतीवर फी घेतली की किंमत कमी दाखवण्याचा मोह होतो. त्याऐवजी गाडीच्या प्रवेशावर, शीतगृहाच्या वापरावर, प्रतवारी आणि वजनाच्या सेवेवर दर लावावेत. खरेदीदार फी देतो ती त्याला स्वच्छ फलाट, चालू काटा आणि वेळेत बाहेर पडणारी गाडी मिळाली तर. आज गाळ्यांसमोरच्या मोकळ्या जागेत किरकोळ विक्री चालते, कचरा दुपारपर्यंत पडून असतो, आणि पावसाळ्यात फलाटावर पाणी साचते.

हे सगळे तातडीचे आहे कारण कांदा-बटाटा बाजाराच्या इमारती महापालिकेने धोकादायक ठरवल्या आहेत आणि पुनर्बांधणीचा विषय वर्षानुवर्षे रेंगाळला आहे. नव्या बाजारात गाळे किती, ट्रकसाठी जागा किती, शीतगृह केवढे, हे सगळे आवकेवरून ठरते. २०१६पूर्वीच्या नोंदी धरल्या तर गरजेपेक्षा मोठे, रिकामे पडणारे बांधकाम होईल. आजची घटलेली आवक धरली तर बाहेर गेलेला व्यापार परत आणण्याची शक्यताच नकाशातून पुसली जाईल. म्हणून आराखडा पक्का करण्याआधी पूर्ण बारा महिने, सर्व हंगाम धरून, पाचही बाजारांच्या गेटवर आणि दादर, भायखळा, कल्याण, ठाण्याच्या पहाटेच्या बाजारांत गाड्या मोजाव्यात: गाडीचा प्रकार, कुठून आली, कोणता माल, किती वाजता आत आली, किती वाजता रिकामी झाली. आवारात त्यासाठी समितीचे एक परिपत्रक आणि दर पाळीला गेटवर दोन माणसे पुरतात. बाहेरच्या बाजारांसाठी मुंबई, ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या बाजार विभागांशी लेखी ठराव करावा लागेल, आणि त्याची सुरुवात पणन संचालकांच्या कार्यालयाने करायची आहे.